अर्ध्यावर तुटलेली उत्तरं

१

सकाळचं स्तोत्र वाचून झाल्याशिवाय लोइस गिंगरिच कॉम्प्युटरला हात लावत नसे. त्या मंगळवारी तिनं हात लावला आणि मनात आलं, आणखी दोन स्तोत्रं वाचत बसले असते तर बरं झालं असतं.

'सोल्डरपॉट' या संकेतस्थळावर रेजायना शहरातल्या एका माणसाची तक्रार येऊन पडली होती. आईचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ त्यानं टेबलावर उघडून ठेवलेला. तिथल्या जुन्या जाणकार एल्वूड हॅकेटचं उत्तर समोर ठेवून तो त्यात सांगितल्याबरहुकूम चाललेला, आणि उत्तर मध्येच संपलेलं. शेवटचं वाक्य होतं, 'प्लग काढला तरी रेडिओच्या पोटात वीज साठून राहते आणि ती माणसाला भिंतीवर फेकू शकते. ती आधी अशी उतरवा.' पुढे काहीच नाही. 'कशी उतरवू?' त्या माणसानं विचारलं होतं.

लोइसनं त्याला घाईघाईनं लिहिलं की रेडिओला हात लावू नका, झाकण घाला आणि थांबा. मग एल्वूडचं दुसरं उत्तर उघडलं. तेही अर्ध्यावर तुटलेलं. तिसरं तसंच. चौथं धड होतं, म्हणून तिला जरा हायसं वाटलं, पण पुढची ओळीनं तुटलेली निघाली. जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या त्या संकेतस्थळावर त्यानं पंधरा वर्षं लिहिलेलं जवळजवळ सगळं असं माना मुरगळून पडलं होतं. आणि प्रत्येकाखाली एकच शेरा होता, 'बदल : लेखकाने स्वतः'.

सोल्डरपॉट तिघं मॉडरेटर मिळून सांभाळत, बिनपगारी. ऑन्टारियोतल्या वॉटरलूची लोइस, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या नोकरीतून निवृत्त झालेली. हॅलिफॅक्सचा टोबिन मॅकइसॅक, वयानं तिशीतला आणि जिभेनं तिखट. आणि मंक्टनची कोरिन थिबोडो, जिनं हे स्थळ काढलं आणि जिच्या खिशातून ते चालत होतं. दुपारी तिघं पडद्यावर भेटली. टोबिननं मामला एका वाक्यात निकालात काढला. म्हातारा सहीवरून रुसला होता, त्यानं सूड घेतला. सुरुवात तेवढी ठेवली, म्हणजे माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं आणि ताट ओढून घ्यावं.

नियम सरळ होता. आपलं लिखाण आपणच नासवलं तर खातं कायमचं बंद, आणि नावापुढे तसा लाल शेरा. शनिवारी मत घ्यायचं ठरलं, आणि एल्वूडचं खातं तेवढ्यापुरतं गोठवलं. तोवर एल्वूडशी लोइसनं बोलावं असं कोरिन म्हणाली. त्यानं ऐकलं तर तो हिचंच ऐकतो.

लोइसनं फोन लावला आणि हळू आवाजात विचारलं, की एल्वूड, तुम्ही ती उत्तरं का कापलीत?

 एल्वूड म्हणाला, "कुठली उत्तरं?"

२

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून गेल्फला गेली. जाताना बटर टार्टचा गोड खाऊ घेऊन गेली, कारण वाईट बातमी रिकाम्या हातानं द्यायची नसते असं तिच्या घरचं वळण होतं.

एल्वूड ऐंशीच्या पुढे गेला होता. रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यानं चष्मा पुसून पुसून एकेक उत्तर पाहिलं. तुटलेलं प्रत्येक उत्तर पाहताना त्याचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत होता. खोटं बोलणारा माणूस असं पाहत नाही, असं लोइसला वाटलं. पण वाटण्यावर मत देता येत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"मी कापली?" तो म्हणाला. "अगं, मला एक शब्द बदलायचा म्हटला तरी धडकी भरते. इकडं मी बटण दाबलं, की तिकडं ते उत्तर उडी मारून पहिल्या पानावर जाऊन बसतं. सगळ्या कॅनडाला कळतं की हॅकेटनं खोकला काढला. मग तो हॅलिफॅक्सचा पोरगा ओरडतो."

ते खरंच होतं. जुन्या उत्तराला बोट लागलं की ते सगळ्यांच्या समोर वर यायचं, सोल्डरपॉटची रीतच तशी होती. आणि त्या रीतीचा जेवढा वैताग लोकांना होता तेवढा कशाचाच नव्हता.

सहीचं भांडण त्यातूनच पेटलं होतं. एल्वूडचे हात थरथरत. तो सांगायचा आणि त्याची बायको नॉर्मा टाईप करायची. म्हणून प्रत्येक उत्तराखाली रेघ ओढून दोघं लिहीत, 'एल्वूड आणि नॉर्मा, स्वयंपाकघरातून'. सोल्डरपॉटवर मात्र नमस्कार, आभार, सही यांतलं काही चालत नसे. कामाचं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं संपादकांनी, म्हणजे मॉडरेटरांनी आणि संपादनाचा हक्क मिळालेल्या एल्वूडसारख्या जुन्या सभासदांनी, झाडून टाकायचं. टोबिन झाडत गेला. नॉर्मा होती तोवर एल्वूड हसून सोडून द्यायचा. ती गेली, आणि यंदाच्या वसंतात तिच्या दुसऱ्या वर्षदिनाला त्यानं बसून प्रत्येक उत्तराखाली ती ओळ परत लिहिली. दोन दिवस पहिल्या पानावर हॅकेटशिवाय दुसरं नाव दिसेना. लोकांनी बोंब ठोकली.

"तेव्हा तू मला लिहिलंस," एल्वूड म्हणाला. "तुम्ही शांत राहा, मी बघते, म्हणून. मी शांत राहिलो."

लोइसनं मान हलवली. मॉडरेटरांच्या बैठकीत तिनं एल्वूडची बाजू घेतली होती. नेमकं काय बोलली ते आठवत नव्हतं, पण बाजू घेतली होती एवढं नक्की.

ती निघाली तेव्हा त्यानं टार्टचा डबा तसाच मिटून ठेवला. सकाळी उठलं की कुणीतरी काहीतरी विचारलेलं असतं, तो म्हणाला, ते गेलं तर उठायचं कशाला तेवढं सांग. मग दारात उभा राहून म्हणाला, "शिक्षा द्या हवी तर. पण ज्यानं केलं त्याचं नाव मला आधी कळू दे. ओळखीचा आहे का गं तो?"

३

एल्वूडनं केलं नसेल तर त्याच्या नावानं कुणी केलं? लोइसनं आधी टोबिनला गाठलं.

पडद्यावर टोबिन माशाचं सूप पीत बसला होता. त्याला हॅकेटविषयी काडीचं प्रेम नव्हतं आणि ते तो लपवतही नव्हता. चार वर्षं त्यानं लोकांच्या लिखाणातला केर काढला होता आणि बदल्यात शिव्या खाल्ल्या होत्या. कुणी त्याला न्हावी म्हणायचं, कुणी कसाई. एका बाईनं तर त्याच्या आईला पत्र लिहिण्याची धमकी दिली होती.

"लोइसबाई, तुम्ही गोड बोलता म्हणून तुम्हाला केकची पाककृती येते," तो म्हणाला. "मी केर काढतो, म्हणून मला केरच मिळतो."

ती हसली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की गेल्या आठवड्यात त्याला काही वेगळं दिसलं का. टोबिन म्हणाला, उलट, फार सुखाचा आठवडा होता. पहिलं पान आरशासारखं स्वच्छ, नवे प्रश्न तेवढे, जुनं एकही मढं वर आलं नाही. एवढं बोलून तो एकदम थांबला आणि सूप ढवळायला लागला. लोइसनं ते पाहिलं, पण काय पाहिलं ते तिला तेव्हा कळलं नाही.

कोरिनकडून निराळंच निघालं. सोल्डरपॉटचा खर्च तिला झेपेनासा झाला होता. टोरांटोच्या एका कंपनीला इथली सगळी उत्तरं विकत हवी होती, आपल्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांना शिकवायला, आणि त्याला सर्वांत मोठ्यानं नाही म्हणणारा एल्वूडच होता. तो सोल्डरपॉटवरून गेला की कोरिनचा मार्ग मोकळा होत होता. लोइसनं हे बोलून दाखवलं नाही. पण कोरिनला तिच्या चेहऱ्यावर दिसलंच.

"विकायचं असतं तर माल का फोडला असता मी?" कोरिन म्हणाली. "अर्धवट उत्तरं कोण घेतं? आणि ऐक, महिन्यामागची एक पूर्ण प्रत माझ्याकडे आहे. उत्तरं परत येतील. प्रश्न माणसाचा आहे."

उत्तरं परत येणार होती. लोइसला हलकं वाटायला हवं होतं. पण शनिवारी लाल शेरा बसला असता तो कुठल्याच प्रतीतून पुसता आला नसता. आणि मत द्यायला उरला होता फक्त एक दिवस.

४

शुक्रवारी तिनं सगळी कामं बाजूला ठेवली. चर्चमध्ये मुलांच्या गाण्याचा सराव होता, तिकडे आजारी असल्याचं कळवलं. ते खोटं होतं, आणि त्याची टोचणी घेऊनच ती बसली. एका बाजूला तुटलेली उत्तरं, दुसऱ्या बाजूला कोरिननं पाठवलेली जुनी प्रत.

तुटलेली उत्तरं कुठे तुटली ते ती पाहत गेली. रेडिओचं उत्तर 'अशी उतरवा' इथे. टीव्हीचं 'तारा अशा जोडा' इथे. ऑर्गनचं 'ही जोडणी बघा' इथे. जुन्या प्रतीत त्या प्रत्येक जागेच्या खाली एक आकृती होती. एल्वूड पूर्वीच्या लोकांसारखा चित्र न काढता अक्षरांनीच जोडणी काढायचा, आडव्या रेघा, उभ्या रेघा, मध्ये शून्यं. आणि जी उत्तरं धड राहिली होती त्यांत आकृती मुळी नव्हतीच.

सूड घेणाऱ्या माणसानं आकृतीवाली उत्तरं तेवढी का निवडावीत? वर्म तिथं असतं म्हणून, टोबिन म्हणाला असता. ती धड उत्तरांकडे वळली. एक वाचलं, दुसरं वाचलं, आणि खुर्चीत मागे टेकली.

धड उत्तरंही धड नव्हती. त्यांच्या खाली सही नव्हती.

सही नसण्याची डोळ्यांना इतकी सवय झालेली, की आठवडाभर तिच्यासकट कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. जुन्या प्रतीत ती प्रत्येक उत्तराखाली होती. रेघ, आणि रेघेखाली नॉर्मा. बायकोच्या नावासाठी सगळ्यांशी भांडलेला माणूस रागात उत्तरं फोडील एक वेळ. पण जी उत्तरं फोडली नाहीत त्यांच्या खालून तो नॉर्माला पुसून टाकणार नाही.

म्हणजे कुणालातरी सहीच काढायची होती. रेघ दिसली की तिथून खालचं सगळं उडवायचं. सहीच्या वर जी रेघ, तशीच रेघ आकृतीत. कापणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नव्हता, कारण कापणारा माणूस नव्हताच. माणसानं लिहून सोडलेला प्रोग्राम होता.

आता टोबिनचं थांबणं तिला कळलं. पहिलं पान स्वच्छ होतं. एल्वूडनं आपल्या हातानं इतकी उत्तरं बदलली असती तर पहिल्या पानावर त्याच्या नावाचा पूर आला असता. एकही वर आलं नाही. असा मागच्या दारानं बदल करायची सोय सोल्डरपॉटवर एकच होती. मागे स्थळाचं बिऱ्हाड हलवताना जुने दुवे दुरुस्त करायला कोरिननं ती केली होती. लोकांना त्रास नको म्हणून तो बदल लेखकाच्याच नावानं लागे, आणि पहिल्या पानाला पत्ता लागत नसे. किल्ली कोरिन आणि टोबिन या दोघांकडे होती. त्यांतल्या एकाला स्वच्छ पहिल्या पानाहून प्रिय काही नव्हतं.

५

शनिवारी सकाळी मताच्या आधी लोइसनं बोलायची परवानगी मागितली. सावकाश, एकापुढे एक, तिनं सगळं मांडलं. आकृती, सही, पहिलं पान. कोरिनच्या हातातला कप तसाच राहिला. टोबिन खाली बघत होता.

मग त्यानं कबूल केलं, आणि कुरकुर न करता केलं. तो छोटा प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. पहिली काही उत्तरं तपासली, त्यांत आकृती नव्हती, सही तेवढी सुबक निघाली, म्हणून उरलेली सोडून दिली. रेजायनाची तक्रार आली तेव्हा काय झालं ते त्याला कळलं. पण शेरा हॅकेटच्या नावाचा होता, त्यानं सूड घेतला असं टोबिनच्याच तोंडून निघून गेलं, आणि सगळं बोलणं त्या वाटेला लागलं. गप्प राहणं सोपं होतं.

"त्या रेडिओवाल्याला काही झालं असतं तर?" कोरिननं विचारलं.

"झोपलो नाहीये मी मंगळवारपासून," टोबिन म्हणाला.

लोइसला त्याची दया आली. आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं, पण एक काटा राहून गेला होता, तो तिनं बाहेर काढला. सही काढायची तर तो नेहमीसारखी उघड काढत होता. या वेळी मागचं दार का? एल्वूडच्याच नावानं का?

टोबिननं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"लोइसबाई, तुम्हीच म्हणालात."

तिला वाटलं तो चिडवतो आहे. पण कोरिननं डोळे मिटले आणि हळूच मान हलवली.

वसंतातल्या त्या बैठकीत टोबिन म्हणाला होता, हॅकेटला समोरासमोर सांगू, सह्या जाणार, पटत नसेल तर भांड. आणि लोइस म्हणाली होती, नको रे, म्हातारा माणूस, बायको गेल्याचं दुःख अजून ओलं, कशाला दुखवायचं? थोडे महिने जाऊ देत. मग असं काहीतरी कर, की सही निघेल आणि त्याला कळणारही नाही. हळूच. टोबिननं ते शब्दशः धरलं होतं. एल्वूड जुनी उत्तरं उघडून बघत नाही, बघतो ते पहिलं पान. तिथे काही आलं नाही तर त्याला कळणार नाही.

लोइसला आता तो दिवस अगदी स्वच्छ आठवला. बैठक संपल्यावर तिला किती बरं वाटलं होतं तेही आठवलं. आपण भांडण टाळलं, कुणाचं मन मोडलं नाही, असं वाटून तिनं त्या रात्री प्रार्थनेत आभारही मानले होते. आणि लगेच दुसऱ्या दिवशी एल्वूडला लिहिलं होतं, तुम्ही शांत राहा, मी बघते.

मत एकमतानं झालं. एल्वूड हॅकेट निर्दोष. खातं पूर्ववत, संपादनाचे हक्क पूर्ववत, प्रतीतून सगळी उत्तरं परत. टोबिननं स्वतःच विचारलं की मी एल्वूडना फोन करू का. लोइस म्हणाली, तुझा तू कर, पण माझ्यानंतर. मी आधी जाते.

६

एल्वूडनं तिचं सगळं ऐकून घेतलं. टेबलाच्या पलीकडून तो तिच्याकडे बघत होता आणि ती आपल्याच बोटांकडे. तिनं क्षमा मागितली तेव्हा त्यानं ती दिली नाही, नाकारलीही नाही.

"तो पोरगा मला तोंडावर बोलला असता," तो म्हणाला, "तर मी त्याला दोन दिवस शिव्या दिल्या असत्या. तिसऱ्या दिवशी विसरलो असतो. सही गेली असती बहुतेक. नियम तुमचा आहे, मला कळतं. पण नॉर्माला कुणी काढलं ते मला दिसलं असतं. तू मला तेवढंही दिलं नाहीस, लोइस. आणि मी मात्र इतके महिने सगळ्यांना सांगत फिरलो की तिथं एक भलं माणूस आहे."

 चांगल्या हेतूनं केलं असं म्हणणं लोइसच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"मला सांगून काय उपयोग," एल्वूड म्हणाला. "आठवडाभर तिथं सगळ्यांनी वाचलं की हॅकेटनं उत्तरं नासवली. त्यांना सांग."

घरी येऊन ती लिहायला बसली. पहिल्या पानावर, स्वतःच्या नावानं. लिहिलेलं बरंच लांबलं. प्रिय मित्रांनो, असं सुरू करून तिनं सोल्डरपॉटच्या परंपरेबद्दल लिहिलं, सगळ्यांच्या कष्टांबद्दल लिहिलं, पहिल्या पानाची अडचण समजावून सांगितली. नियम कठोर असले तरी गरजेचे कसे असतात ते लिहिलं. आपला हेतू कुणालाही दुखवण्याचा नव्हता हे दोन वेगवेगळ्या जागी आलं. एल्वूडनं उत्तरं नासवली नाहीत, हे मध्ये कुठेतरी आलं. टोबिनची चूक अनवधानाची होती, आणि त्याला ती करायला आपल्याच बोलण्यानं वाव मिळाला असावा, असंही आलं. शेवटी सगळ्यांचे मनापासून आभार मानून तिनं ते प्रसिद्ध केलं आणि थोडा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

परत आली तेव्हा निवेदन पुन्हा पहिल्या पानाच्या माथ्यावर आलेलं होतं. कुणीतरी त्यात बदल केला होता. खाली नाव होतं : एल्वूड हॅकेट. कारण दिलं होतं : 'कामाचं तेवढं ठेवलं'.

प्रिय मित्रांनो गेले होते. परंपरा, कष्ट, अडचण, हेतू, आभार, सगळं गेलं होतं. तिच्याच शब्दांतून वेचून, जवळजवळ एकही नवा शब्द न घालता, त्यानं दोन वाक्यं ठेवली होती.

'एल्वूड हॅकेटनं उत्तरं नासवली नाहीत. त्याला कळू नये अशा तऱ्हेनं ती कापायला मी सांगितलं.'

मॉडरेटर म्हणून तो बदल रद्द करायचं बटण तिच्यासमोर होतं. लोइसनं ती दोन वाक्यं मोठ्यानं वाचली, रिकाम्या घरात, सकाळी स्तोत्र वाचते तशी. मग रद्दच्या बटणाला हात न लावता, खाली लोकांचे शेरे यायला लागले होते, ते ती पहिल्यापासून एकेक वाचू लागली.